अदामास्तोर : 'लुझियादास'च्या पाचव्या सर्गातली ती २४ कडवी

गलबत (धागाकर्ता)

लुईश द कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या 'लुझियादास' या महाकाव्यातला अदामास्तोर म्हणजे वास्को द गामाला आफ्रिकेच्या टोकाशी आडवा आलेला राक्षस, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मग कोणी उत्साहाने पाचवा सर्ग उघडतो. राक्षस दिसतो, गरजतो, शाप देतो, आणि वाचणारा तिथेच पान मिटतो. अर्धा राक्षस पुस्तकातच राहतो, आणि माझ्या मते तोच अर्धा जास्त मोलाचा आहे. म्हणून हा धागा. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, मराठीत आणताना कुठे ठेच लागते, यावर बोलू.

आधी हिशेब. काव्य १५७२ साली लिस्बनला छापलं गेलं. दहा सर्ग, ११०२ कडवी, प्रत्येक कडवं आठ ओळींचं. पाचव्या सर्गात बरोबर १०० कडवी आहेत, त्यातली ३७ ते ६० अदामास्तोरची. ३७-३८ मध्ये ढग येतो, ३९-४० मध्ये आकृती दिसते, ४१ ते ४८ धमक्या, ४९ मध्ये गामाचा प्रश्न, ५० ते ५९ राक्षसाची स्वतःची कहाणी, आणि ६० मध्ये तो रडत नाहीसा होतो. धमक्यांना आठ कडवी आणि दुःखाला दहा! नुसता खलनायक उभा करायचा असता तर कवीने हे माप उलटं ठेवलं असतं.

वाचायला मात्र ३७ पासून बसू नका, ३० पासून बसा. सेंट हेलेना उपसागरात फेर्नांव व्हेलोजु नावाचा बढाईखोर शिपाई स्थानिक लोकांबरोबर डोंगरात जातो आणि जीव मुठीत धरून पळत परत येतो. बाण आणि दगड बरसतात, गामाचा पाय जखमी होतो. गलबतावर परतल्यावर एक सोबती त्याला चिडवतो, की व्हेलोजु, ती टेकडी चढण्यापेक्षा उतरायला सोपी दिसते! हा उत्तर देतो, तुम्ही इथे माझ्याविना आहात हे आठवलं म्हणून जरा घाई केली. सगळे हसतात, आणि मध्ये एकच कडवं जातं न जातं तोच पाच दिवस उलटतात, रात्र होते, डोक्यावर काळा ढग येतो. हसू ओसरायच्या आत भीती आणायची ही युक्ती ३७ पासून वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. हे सगळं गामा सांगतोय, तेही पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाला. ४० व्या कडव्यात 'मी तुला खात्रीने सांगतो, हा ऱ्होडसचा दुसरा महापुतळाच होता' असं येतं. त्यातला 'तू' म्हणजे तो राजा. मराठीत हा 'तू' गाळला की गोष्ट कोण कोणाला सांगतंय याचा पत्ताच लागत नाही.

सुकाणू

छान सुरुवात. एक शंका अनेकांना येते म्हणून आधीच मांडतो: गामाला खरोखर तिथे वादळ लागलं होतं का?

त्या सफरीवरच्या एका माणसाची रोजनिशी उपलब्ध आहे. तीत राक्षस नाही आणि म्हणण्यासारखं वादळही नाही. १६ नोव्हेंबर १४९७ ला सेंट हेलेना उपसागर सोडला, १८ ला केप, म्हणजे केप ऑफ गुड होप, दिसलं. १९ ला वळसा घालायचा प्रयत्न फसला, कारण वारा दक्षिण-नैर्ऋत्येचा आणि भूशिर नैर्ऋत्येकडेच घुसलेलं. म्हणजे जिकडे जायचं तिकडूनच वारा. मग बाहेर खोल समुद्रात जायचं, पुन्हा किनाऱ्याकडे यायचं, असं चाललं. २२ ला दुपारी पाठीमागून वारा मिळाला आणि केप पार झालं. खलाशाच्या भाषेत हा 'चार दिवस वारा मिळाला नाही' एवढाच प्रसंग आहे.

कामोंइशनेही वादळ घातलेलं नाही, हे लक्षात घ्या. ३७ मध्ये वारा अनुकूल आहे आणि पहाऱ्यावरची माणसं निश्चिंत आहेत. ३८ मध्ये तर गामाच म्हणतो, हे वादळापेक्षा मोठं काहीतरी दिसतंय. तेव्हा अनुवादात 'घोंघावणारं वादळ' घालणाऱ्यांनी मूळ पुन्हा पाहावं. समुद्र दुरून गर्जतो, पण गलबताला धक्का लागत नाही. जे घडतं ते फक्त बोलणं आहे.

दिंडीसाकी

छंदाबद्दल लिहिते, कारण या प्रसंगाची अर्धी भीती कानाने कळते.

प्रत्येक ओळ दहा अक्षरांची, पण मोजायची रीत आपल्यासारखी नाही. शेवटचा आघात ज्या अक्षरावर पडतो तिथपर्यंतच मोजायचं, पुढचं सोडून द्यायचं. शिवाय एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर मिळून एकच अक्षर धरायचं. ५० व्या कडव्याची पहिली ओळ घ्या, 'मी ते लपलेलं, मोठं भूशिर आहे':

एउ । सो । आ । के । ल्यो । कुल । तुई । ग्रां । दि । का । (बु)

दहावं अक्षर 'का', त्यावर आघात. 'बु' हिशेबात नाही. सहाव्या 'कुल'वर दुसरा आघात. सहा आणि दहा, ही वीररसाची ठरलेली चाल. नवखे वाचक 'आकेल' आणि 'ओकुल्तु' तोडून वाचतात, मग ओळ बारा-तेरा अक्षरांची होते आणि वाटतं कवी चुकला.

यमकांची रचना अ-ब-अ-ब-अ-ब-क-क. सहा ओळी गुंफलेल्या, शेवटच्या दोन कुलूप लावल्यासारख्या. आता ३७ आणि ३९ शेजारी ठेवून पाहा. ३७ मधली यमकं सगळी क्रियापदांच्या शेपटांची, म्हणजे आपल्याकडे 'गेले-केले-नेले' जुळवण्याइतकी सोपी. ३९ मध्ये राक्षस दिसतो आणि एकदम व्हालिदा, इश्क्वालिदा, पालिदा असे शब्द येतात: धडधाकट, गलिच्छ, फिकट. यांचा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर. अशी यमकं पोर्तुगीजमध्ये कमी पडतात आणि ओळीच्या शेवटी दोन अक्षरं लोंबकळत राहतात. सरळ चालणारी ओळ अचानक लंगडते. राक्षस डोळ्यांना दिसायच्या आत कानाला बेढब लागतो.

अवांतर: ५० मध्ये 'काबु'शी यमक जुळवायला स्ट्राबो या भूगोलकाराचं पोर्तुगीज नाव 'इश्त्राबांव' छाटून 'इश्त्राबु' केलंय. मोठे कवीही काटकसर करतात.

कोरांटी

धमक्यांच्या कडव्यांत एकाही माणसाचं नाव नाही, त्यामुळे टिपा नसलेली प्रत घेतली तर ती कडवी धुक्यात जातात. चौघांची ओळख देऊन ठेवतो.

४३ : 'यापुढे येणारं पहिलं आरमार'. हे काब्राल या पोर्तुगीज कप्तानाचं, १५०० सालचं. मार्चमध्ये लिस्बनहून १३ गलबतं निघाली, ब्राझीलला टेकून पुढे जाताना मे महिन्यात वादळात चार बुडाली. ४४ : 'ज्याने मला शोधून काढलं त्याच्यावर सूड'. हा बार्तोलोमेउ डायस, १४८८ मध्ये केपला वळसा घालणारा. त्या चारांतल्या एका गलबतावर तोच होता. ४५ : 'पहिला नामवंत'. फ्रान्सिस्को द अल्मेडा, पोर्तुगीज भारताचा पहिला व्हाइसरॉय. परतीच्या वाटेवर १ मार्च १५१० ला टेबल उपसागराच्या किनाऱ्यावर खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. राक्षस वर टोमणा मारतो, की इथे किल्वा आणि मोंबासाचं उट्टं निघेल. पूर्व आफ्रिकेतली ही दोन्ही शहरं अल्मेडाने १५०५ मध्ये उद्ध्वस्त केली होती.

४६ ते ४८ : मानुएल द सोझा सेपुल्वेदा, त्याची बायको लेओनोर द सा आणि त्यांची मुलं. यावर वेगळं लिहितो, तो भाग मोठा आहे.

तोवर नकाशा काढा. डायस खुल्या दक्षिण अटलांटिकात बुडाला. अल्मेडा जमिनीवर पडला. सेपुल्वेदाचं गलबत नाताळ नावाच्या, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर फुटलं, केपपासून हजार किलोमीटरहून जास्त ईशान्येला. म्हणजे ज्यांचे मृत्यू राक्षस आपल्या खात्यावर मांडतो त्यांतला एकही त्या भूशिराच्या टोकाशी मेलेला नाही! कामोंइशने सगळा दक्षिण आफ्रिकेचा किनारा एका देहात कोंबला आहे.

सुकाणू

कोरांटी, नेमकं बोललात. त्यात भर: ५० मध्ये राक्षस म्हणतो, 'आफ्रिकेचा सगळा किनारा मी इथे संपवतो'. भूगोल म्हणून हे चूक. केप ऑफ गुड होप ३४ अंश २१ मिनिटं दक्षिणेला, आणि खरं दक्षिण टोक केप अगुल्हास ३४ अंश ५० मिनिटांवर, तिथून साधारण दीडशे किलोमीटर आग्नेयेला. पण उत्तरेकडून येणाऱ्या खलाशाला किनारा जिथे वळताना दिसतो तेच त्याचं टोक. मोजमाप वेगळं, धास्ती वेगळी.

आणि नाताळचा किनारा का वाईट, तेही सांगून टाकतो. तिथे अगुल्हासचा उबदार प्रवाह किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येकडे जोरात वाहतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा त्याला समोरून भिडतात. प्रवाहावर चढताना लाट आखूड आणि उंच होते, पुढची बाजू कड्यासारखी उभी राहते. भरलेलं लाकडी जहाज त्या उतारावरून खाली गेलं की पुढची लाट नाळेवर कोसळते.

कोरांटी

आता सेपुल्वेदा. गलबताचं नाव 'सांव जुआंव'. मिरी भरून ३ फेब्रुवारी १५५२ ला कोचीनहून निघालं. इथेच पहिली चूक. परतीच्या गलबतांनी डिसेंबर-जानेवारीत किनारा सोडायचा अशी रीत होती, म्हणजे केपचा हिवाळा लागायच्या आत पार होता येतं. उशीर झाला की पश्चिमेचे वारे समोरून. त्यात माल ठासून भरलेला आणि शिडं जुनी, फाटकी. जूनमध्ये गलबत किनाऱ्यावर आदळलं. सुमारे ५०० माणसं जिवंत उतरली आणि पायी निघाली. शेवटी मोझांबिकला पोहोचली ती जेमतेम पंचवीस.

कामोंइश १५५३ मध्ये 'सांव बेंतु' नावाच्या गलबतातून गोव्याला आला, म्हणजे ही बातमी ताजी होती तेव्हा. ते 'सांव बेंतु' परतताना १५५४ मध्ये त्याच किनाऱ्यावर फुटलं. राक्षसाच्या तोंडी घातलेली ही वाक्यं नुसत्या पुस्तकी वाचनातून आलेली नाहीत.

गोव्यात जाणाऱ्यांसाठी: लेओनोरचे वडील गार्सिया द सा हे १५४८-४९ मध्ये पोर्तुगीज भारताचे गव्हर्नर होते. जुन्या गोव्यातल्या अवर लेडी ऑफ द रोझरी चर्चमध्ये त्यांची आणि लेओनोरची आई कातारीना आ पिरो हिची थडगी आहेत. बॉम जेझूस चर्चच्या गर्दीतून बाहेर पडून थोडं पश्चिमेला, टेकडीवर. तिथून कामोंइशचा ब्राँझचा पुतळा पाहायचा तर जुन्या गोव्यातल्याच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जावं लागतं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो १५०८ मध्ये चौलला मारला गेला. त्या सुडाने बापाने दाभोळ जाळलं आणि १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकली. ४५ मध्ये 'तुर्की आरमाराकडून मिळवलेली विजयचिन्हं' तो इथे टाकेल असं राक्षस म्हणतो, ती हीच. रेवदंड्याच्या तटावरून समुद्र पाहताना हे कडवं आठवायला हरकत नाही. लोरेन्सोचं मरण स्वतंत्रपणे दहाव्या सर्गात येतं.

गलबत

कोरांटी, सेपुल्वेदाच्या शेवटाबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. त्या दुर्घटनेचा जो गद्य वृत्तान्त तेव्हा छापला गेला त्यात शेवट वेगळा आहे. लेओनोरचे कपडे हिसकावले जातात, ती वाळूत खड्डा करून कमरेपर्यंत स्वतःला पुरून घेते, केसांनी अंग झाकते आणि तिथेच मरते. नवरा तिला आणि मुलाला पुरतो आणि एकटा रानात शिरतो. तो पुन्हा कुणाला दिसत नाही.

कामोंइशने ४८ मध्ये हे बदललं. त्याच्याकडे दोघं एकमेकांना मिठी मारून प्राण सोडतात, आणि त्याआधी त्यांच्या अश्रूंनी दगड मऊ होतात.

हा बदल उगाच नाही. आठ कडव्यांनंतर, ५६ मध्ये, राक्षस आपली मिठी सांगतो. समुद्राची राजकन्या टेटिस त्याला आवडली. चेहरा कुरूप, म्हणून सरळ मिळणार नाही हे त्यालाही कळत होतं, म्हणून त्याने बळाची धमकी दिली. टेटिसची आई डोरिस मध्यस्थ झाली. टेटिस हसून म्हणाली, राक्षसाचं प्रेम पेलेल एवढं प्रेम कोणत्या अप्सरेत असणार? तरी रात्रीचा वायदा झाला. तो धावत गेला, मिठी मारली, डोळे, गाल, केस यांचे मुके घेऊ लागला, आणि पाहतो तो हातात काटेरी झुडपांनी भरलेला डोंगर, कपाळाला कपाळ लावून उभा असलेला खडक.

४८ मधल्या मिठीत दगड माणसापुढे विरघळतात. ५६ मधल्या मिठीत माणूस दगड होतो. आणि पहिली मिठी सांगणारा तोच आहे, शाप म्हणून. ज्याला स्वतःला हे मिळालं नाही तोच 'ते दोघं मिठीत मरतील' असं दात ओठ खाऊन सांगतोय. ३७ ते ६० एका बैठकीत वाचावं म्हणतो ते यासाठी. मध्ये चहाला उठलात तर हा धागा तुटतो.

आर्या_सव्वीस

दोन टेटिसचा घोळ कोणी सोडवेल का? नवव्या-दहाव्या सर्गात प्रेमबेटावर गामाला जी मिळते तीही टेटिसच ना? मग राक्षसाला फसवणारी आणि गामाला वरणारी एकच?

गलबत

पोर्तुगीजमध्ये दोघींचं लिहिणं एकच, म्हणून हा गोंधळ होतो. ग्रीकमध्ये दोन वेगळ्या आहेत. पाचव्या सर्गातली थेटिस: डोरिसची मुलगी, पेलेउसची बायको, अकिलीसची आई. ५२ मध्ये 'पेलेउसची थोर पत्नी' असं स्पष्ट म्हटलंय. बेटावरची टेथिस: आकाशाची मुलगी, ओशनसची बायको, कितीतरी जुन्या पिढीतली. नवव्या सर्गात तिचं कुळही सांगितलंय.

मराठीत अनुवादकाची पंचाईत होते. थेटिस आणि टेथिस असं वेगळं लिहिलं तर ग्रीक पुराण बरोबर राहतं, पण कवीने कानाला घातलेली भुरळ जाते. राक्षसाला जे नाव नाकारलं गेलं, तेच नाव गामाच्या हातात हात घालून येतं. माझा कौल: मजकुरात दोन्हीकडे 'टेटिस' ठेवावं आणि तळटीप द्यावी. उलट केलं, म्हणजे मजकुरात वेगळं आणि टीपेत 'मूळ नाव एकच' असं लिहिलं, तर टीप न वाचणाऱ्याचं नुकसान होतं.

गामा आणि राक्षस हे एकमेकांचे आरसे आहेत याला आणखी पुरावा हवा असेल तर ५१ पाहा. राक्षसांनी देवांविरुद्ध केलेल्या बंडात बाकीचे भाऊ डोंगरावर डोंगर रचत होते, हा मात्र समुद्र जिंकायला निघाला होता. स्वतःला तो 'समुद्राचा कप्तान' म्हणवतो. समोर उभा असलेला माणूसही तेच काम करतोय.

खापरपणतू

आपल्याकडचा मैनाक आठवला. इंद्राने पर्वतांचे पंख छाटले तेव्हा समुद्रात लपलेला, आणि हनुमान लंकेला निघाल्यावर वर आलेला. अदामास्तोर म्हणजे पोर्तुगीजांचा मैनाकच म्हणायचा.

दिंडीसाकी

समुद्रातला डोंगर, आणि देवांशी झालेल्या जुन्या वैरातून तिथे आलेला, एवढं जुळतं खरं. पण मैनाक पाहुणचार करायला वर येतो, 'बस, विसावा घे' म्हणतो. हा म्हणतो, 'माझ्या हद्दीत पाय टाकलास'. आणि मैनाक मुळात पर्वतच. हा आधी देहधारी होता, नंतर भूशिर झाला, आणि ती वेदना त्याला आठवते. जवळचे नातेवाईक शोधायचे तर रोमन कवी ओव्हिडकडे जावं: गॅलाटियावर भाळलेला पॉलिफेमस, आणि पर्वत झालेला अ‍ॅटलास. कामोंइशने या दोघांना एका अंगात शिवलंय.

नाव मात्र त्याचं स्वतःचं नाही. फ्रेंच लेखक रॅबलेच्या १५३२ मधल्या राक्षसांच्या वंशावळीत 'अदामास्तोर' हे नाव नुसतं येऊन जातं. मुळाशी 'वश न होणारा' या अर्थाचा ग्रीक शब्द. नाव जुनं, पण त्याला देह, चेहरा, दुःख आणि पत्ता कामोंइशने दिला. या २४ कडव्यांत ते नाव दोनदाच येतं, ५१ आणि ६० मध्ये. म्हणून मराठीत आधीपासून 'अदामास्तोर म्हणाला', 'अदामास्तोर गरजला' असं लिहीत सुटू नये. ४९ मध्ये गामा 'तू कोण?' असं विचारतो, त्या प्रश्नाचा दमच निघून जातो.

ओवीबद्ध

अष्टाक्षरीच्या जोडीत ३९ च्या शेवटच्या दोन ओळी करून पाहिल्या. दुरुस्त्या सुचवा.

मातीने माखले केस, गुंतलेले, कुरळले;
तोंड काळे काजळाचे, दात पिवळे पडले.

दिंडीसाकी

मोजणी बरोबर, आठ-आठ. पण तीन हरकती. 'काजळाचे' मुळात नाही. आठ भरायला घातलंय आणि ते राक्षसाला नटवतं. मुळात तिथे एकही उपमा नाही. दाढी गलिच्छ, डोळे खोल, रंग मातकट, तोंड काळं, दात पिवळे. नुसती विशेषणं, एकावर एक फेकलेली. पंचनाम्यासारखी. उपमा ४० मध्ये येते आणि तीही एकच, ऱ्होडसच्या पुतळ्याची, म्हणून ती मोठी वाटते.

दुसरं, 'कुरळले-पडले' हे 'ले-ले'चं यमक. आपल्याकडे भूतकाळी क्रियापदांनी हवं तेवढं जुळतं, म्हणून कानाला ते जाणवतच नाही. मुळात या दोन ओळींचं यमक 'केस' आणि 'पिवळे' या शब्दांचं आहे, क्रियापदाचं नाही.

तिसरं, 'पडले'. दात पिवळे पडले म्हणजे आधी पांढरे होते. याचे आहेतच पिवळे.

ओवीबद्ध

तिन्ही मान्य. मग गद्य ओळीच बऱ्या: 'केस कुरळे, मातीने भरलेले, तोंड काळं, दात पिवळे.' ५६ चा शेवट असा केलाय: 'माणूस उरलोच नाही, मुका, निश्चल, एका कातळापाशी दुसरा कातळ.'

कोरांटी

'कातळ' नको. कोकणातल्या वाचकाला कातळ म्हटलं की सडा दिसतो, सपाट पसरलेला, पावसाळ्यात गवत उगवणारा. मूळ शब्द 'पेनेदु', म्हणजे उभा, सुटा, मोठा दगड. त्याला कपाळ लावता येतं. 'खडक' घ्या. 'खडकापाशी आणखी एक खडक'.

आणि 'माणूस उरलोच नाही' हे तसंच ठेवा, 'राक्षस' करू नका. तो स्वतःला माणूस म्हणतो ती ही एकच जागा. शिवाय ५६ मध्ये तो अजून दगड झालेला नाही, धक्क्याने थिजलाय. खरं रूपांतर ५९ मध्ये, मांसाची कठीण माती आणि हाडांचे खडक होतात तेव्हा. दोन्हीकडे तीच क्रियापदं वापरली तर वाचकाला वाटतं एकच गोष्ट दोनदा सांगितली.

एक शब्द जपून: ४७ मध्ये 'काफ्रिश' येतो. अरबी 'काफिर'वरून आलेला, तेव्हा पोर्तुगीज तो आफ्रिकी किनाऱ्यावरच्या लोकांना सरसकट लावत. आज दक्षिण आफ्रिकेत ती जहरी शिवी आहे. मराठीत 'काफिर' लिहिलं तर धर्माचा भलताच अर्थ चिकटतो. 'तिथले लोक' असं लिहून टीपेत मूळ शब्द द्यावा.

आर्या_सव्वीस

पोर्तुगीज कवी पेसोआच्या कवितेतला 'मोश्त्रेंगु' नावाचा राक्षस आणि हा एकच का? आणि काव्याच्या अगदी मध्यावर हा प्रसंग ठेवलाय असं सगळीकडे वाचलं.

गलबत

दुसरं आधी. पहिल्या चार सर्गांची कडवी १०६, ११३, १४३, १०४, बेरीज ४६६. म्हणजे अदामास्तोर एकूण क्रमाने ५०३ ते ५२६. ११०२ चा मध्य ५५१. मध्याच्या जवळ, पण 'अगदी मध्यावर' नाही. दहा सर्गांतला पाचवा म्हणून लोक तसं म्हणतात.

पेसोआची ती कविता १९३४ च्या 'मेन्साजें' या संग्रहात आहे. राक्षस तोच, पण काळ मागे नेलाय: सुकाणूवरचा माणूस राजा दुसऱ्या जुआंवचं नाव घेतो, म्हणजे प्रसंग डायसच्या सफरीचा. तिथला प्राणी उडतो, गलबताभोवती तीन फेऱ्या मारतो आणि विचारतो, माझ्या गुहांत कोण शिरलं? त्याला ना नाव आहे ना प्रेयसी. तिथे मोठा होतो तो सुकाणू धरणारा माणूस. कामोंइशकडे उलट आहे. गामा ४९ मध्ये एक प्रश्न विचारतो आणि मग दहा कडवी गप्प ऐकतो.

लिस्बनला गेलात तर सांता कातारीनाच्या टेकडीवर १९२७ चं दगडी शिल्प आहे, झूलियु वाझ झुनियोरचं. राक्षस खडकातून अर्धा बाहेर आलेला. लोक त्या चौथऱ्यालाच 'अदामास्तोर' म्हणतात. खालून तेझू नदी आणि बंदर दिसतं.

सुकाणू

६० चं शेवटचं कोणी घेतलं नाही. गामा हात वर करून देवाची प्रार्थना करतो, की याने सांगितलेले भावी अनर्थ टळू देत. १५७२ मध्ये पुस्तक हातात घेतलेल्या प्रत्येकाला डायस, अल्मेडा आणि सेपुल्वेदाचं काय झालं ते माहीत होतं. प्रार्थना फुकट गेलेली आहे हे गामाला कळत नाही, मालिंदीच्या राजाला कळत नाही, फक्त वाचकाला कळतं. अनुवादात इथे 'देवाने ऐकलं' छापाचा सूर लागता कामा नये. पुढच्या कडव्यात सकाळ होते आणि तो राक्षस ज्यात बदलला ते भूशिर समोर दिसतं, एवढंच.

ओवीबद्ध

शेवटचं एक विचारतो. ५७ मध्ये तो टेटिसला म्हणतो, मी तुला आवडत नव्हतो तर मला त्या भ्रमातच ठेवायला तुझं काय जात होतं, आणि पुढे चार शब्द येतात. 'मग तो डोंगर असो, ढग असो, स्वप्न असो की काहीच नसो.' ठीक आहे का?

दिंडीसाकी

चारदा 'असो' आल्यावर कीर्तन होतं. मुळात क्रियापद एकदाच आहे आणि पुढे नुसते शब्द, एकाहून एक हलके. डोंगर जड, ढग त्याहून हलका, स्वप्न त्याहून, आणि शेवटी काहीच नाही. तसंच ठेवा: 'मग असेना का डोंगर, ढग, स्वप्न, काहीच नाही.' 'की'सुद्धा नको.